घर छान आहे, पण मागच्या डोंगरात गॅस भरलाय

माझी मावसबहीण लॉस एंजेलिसला असते, तिने गेल्या महिन्यात एका घराचे फोटो पाठवले. पोर्टर रँच नावाचा भाग, शहराच्या उत्तर टोकाला, मागे डोंगर, स्वच्छ रस्ते, शाळा जवळ, किंमत तिच्या म्हणण्याप्रमाणे आवाक्याच्या जरा बाहेर पण जमेल. आणि खाली एक ओळ: "दादा, मागच्या डोंगरात गॅस साठवतात म्हणे, जमिनीखाली. तू त्यातला माणूस ना, सांग घेऊ का?"

आता मी "त्यातला" म्हणजे काय, तर कारखान्यांमधल्या पाइपांची जाडी मोजत फिरलेला माणूस. वीसेक वर्षं केलंय हे काम. गॅस साठवणीचं काम स्वतः केलेलं नाही, पण ॲलिसो कॅनियनचं, म्हणजे त्याच डोंगरातल्या साठ्यात झालेल्या गळतीचं, प्रकरण आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी वाचलंय कारण ते शेवटी पाइपच्या जाडीवरच येऊन थांबतं. तिला व्हॉट्सॲपवर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं नीट लिहूनच काढू, इतरांनाही उपयोग होईल.

पहिली गोष्ट, जमिनीखाली गॅस साठवतात म्हटलं की डोळ्यासमोर येतं एखादं भलंमोठं भुयार किंवा पुरलेली टाकी. तसं नसतं (मिठाच्या थरात पोकळी करून साठवतात ते वेगळं, त्याच्याकडे येतो). बहुतेक ठिकाणी तो गॅस दगडातच असतो. माठ आठवा. माठाची भिंत घट्ट दिसते पण पाणी पाझरतं, कारण भाजलेल्या मातीत बारीक छिद्रं असतात. वाळूचा दगड तसाच असतो, त्याच्या छिद्रांमध्ये तेल नाहीतर गॅस लाखो वर्षं भरून राहिलेला असतो. तो वर का येत नाही तर त्याच्यावर दुसरा दगड असतो, चिनीमातीच्या बरणीसारखा, ज्यातून काहीच पाझरत नाही. माणसाने विहीर पाडून तेल-गॅस काढून घेतला की हा माठ रिकामा होतो, मग त्याच विहिरीतून बाहेरून आणलेला गॅस दाबाखाली परत आत भरायचा आणि लागेल तेव्हा काढायचा. अमेरिकेत अशी चारशेच्या आसपास ठिकाणं आहेत आणि त्यातली बरीचशी ही अशी रिकामी झालेली जुनी तेल-वायू क्षेत्रंच आहेत. कल्पनाही काही आजची नाही, १९१५ मध्ये कॅनडात ऑन्टेरिओत पहिल्यांदा करून बघितलं आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ सुरू झालं.

करायचं कशाला एवढं? आपली आजी उन्हाळ्यात कुरडया-पापड घालून पावसाळ्याची बेगमी करायची, तेच. पाइपलाइनमधून गॅस वर्षभर साधारण एका गतीने येतो पण थंडीत घरं गरम करायला मागणी एकदम वाढते, आणि लॉस एंजेलिसमध्ये तर उन्हाळ्यातही एसीसाठी वीज लागते आणि ती वीज गॅसवर होते. म्हणून मागणी कमी असताना भरायचा आणि वाढली की काढायचा. त्यातला काही गॅस कायमचा आतच ठेवावा लागतो, तो काढायचाच नाही, नाहीतर दाब पडतो आणि बाकीचा वर येत नाही. ते बुडीत भांडवल समजायचं.

तर दगडाची मला फारशी काळजी नाही. जो दगड लाखो वर्षं तेल धरून बसला तो अजून शंभर वर्षं बसेल. काळजी आहे ती बरणीला आपण पाडलेल्या भोकांची.

पोर्टर रँचच्या मागे डोंगरात ॲलिसो कॅनियन म्हणून जे क्षेत्र आहे तिथे १९३८ मध्ये तेल लागलं. तेल काढून काढून दाब कमी झाला तेव्हा १९७० च्या दशकात तिथे गॅस भरायला सुरुवात झाली. शंभरावर विहिरी, क्षमता ८,६०० कोटी घनफूट. त्यातल्या एका विहिरीचं नाव एसएस-२५. ही पाडली १९५३-५४ मध्ये, तेलासाठी. १९७३ मध्ये तिलाच गॅसच्या कामाला लावलं. म्हणजे वीस वर्षं वापरलेली, मुळात दुसऱ्याच कामासाठी बनवलेली वस्तू, आणि त्यानंतर अजून चाळीसएक वर्षं चालवली.

या विहिरीचं पोट नीट समजून घ्या कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. वरून बघितलं तर एकात एक पाइप. सगळ्यात बाहेर पावणेबारा इंची पाइप, तो जमिनीपासून ९९० फुटांपर्यंतच, सिमेंटने धरलेला. त्याच्या आत सात इंची पाइप, तो पार खाली साडेआठ हजार फुटांच्या आसपास जातो जिथे गॅसचा दगड आहे. आणि त्याच्याही आत एक जेमतेम तीन इंची बारीक नळी. आता शहाणपणाची पद्धत अशी की गॅस फक्त आतल्या बारीक नळीतून खेळवायचा आणि सात इंची पाइप नुसता पहारेकरी म्हणून ठेवायचा, म्हणजे नळी फुटली तरी बाहेर दुसरी भिंत आहे. पण जास्त गॅस पटापट आत-बाहेर करता यावा म्हणून इथे नळीतूनही गॅस आणि नळी व सात इंची पाइप यांच्यामधल्या फटीतूनही गॅस. म्हणजे पहारेकऱ्यालाच हमाल केला. सात इंची पाइप हीच एकमेव भिंत उरली. खाली तळाशी एक सेफ्टी व्हॉल्व्ह होता, गडबड झाली तर गॅस तिथेच अडवायला, तो १९७९ मध्ये काढला आणि परत बसवला नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे बसवायची सक्तीही नव्हती, कारण विहीर घरांच्या अगदी लगत नव्हती.

२३ ऑक्टोबर २०१५ ला गळती लक्षात आली. बघता बघता डोंगरातूनच गॅस यायला लागला, विहिरीच्या तोंडातून नाही तर आजूबाजूच्या मातीतून. हे थांबायला ११ फेब्रुवारी २०१६ उजाडलं. जवळजवळ चार महिने! एकूण एक लाख नऊ हजार टन मिथेन हवेत गेला असा कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा आकडा आहे. डोळ्याला काही दिसत नव्हतं, पण इन्फ्रारेड कॅमेऱ्यातून घेतलेले व्हिडिओ बघा, डोंगरातून काळा लोट निघतोय आणि वाऱ्याबरोबर खाली दरीत घरांकडे जातोय. आठ हजारच्या आसपास कुटुंबांना घरं सोडून हॉटेलात नाहीतर भाड्याने राहावं लागलं, दोन शाळा दुसरीकडे हलवल्या, आणि जानेवारीत गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी आणीबाणी जाहीर केली.

लोक विचारतात की चार महिने लागतात का एक भोक बुजवायला. तर बुजवायची साधी पद्धत म्हणजे वरून जड चिखल ओतायचा, त्याच्या वजनाने गॅस खाली दाबला जातो. पण खालून गॅस इतक्या जोरात येत होता की ओतलेलं सगळं परत बाहेर. फुल प्रेशरच्या कारंज्यात वरून बादली ओतून बघा म्हणजे कळेल. सात वेळा प्रयत्न केला, सातही फुकट गेले, उलट विहिरीच्या तोंडाभोवतीची जमीन उडून खड्डा पडला. नंतरच्या तपासात निघालं की पहिल्यानंतरचे प्रयत्न करताना गॅसचा वेग किती आणि चिखल किती जड हवा याचं नीट गणितच मांडलं नव्हतं, मांडलं असतं तर बरंच आधी आटपलं असतं. शेवटी बाजूने दुसरी विहीर पाडायला घेतली, ती तिरकी नेऊन आठ हजार फुटांपेक्षा खोल त्या सात इंची पाइपला जाऊन भिडवली आणि तिथून चिखल-सिमेंट भरलं. आठ हजार फूट अंधारात सात इंचाची नळी गाठायची, म्हणजे सिंहगडाच्या माथ्यावरून पायथ्याला पडलेली बांगडी शोधण्यातला प्रकार, आणि त्याहूनही लांब. त्या कामाला मात्र सलाम.

फुटलं कशामुळे याचा अहवाल मे २०१९ मध्ये आला, ब्लेड एनर्जी म्हणून कंपनी आहे तिने केला. त्यांनी विहिरीतून पाइपचे तुकडे वर काढले. सात इंची पाइप ८९२ फुटांवर फाटला होता. म्हणजे हजार फुटांच्याही आत, जिथे बाहेरचा पावणेबारा इंची पाइप अजून आहे त्या भागात. या दोन पाइपांच्या मधल्या फटीत जमिनीतलं पाणी शिरून बसलेलं, त्या पाण्यात सूक्ष्मजंतू, आणि त्यांनी बाहेरच्या बाजूने लोखंड खाल्लं. आठेक मिलिमीटर जाडीच्या पाइपची त्या जागी पंच्याऐंशी टक्के जाडी गेलेली. आधी उभी चीर पडली, मग सुटणाऱ्या गॅसने पाइप इतका थंड पडला की लोखंड ठिसूळ झालं आणि काही तासांत पाइप आडवा तुटूनच गेला.

हे वाचलं तेव्हा मला तारापूरचा एक दिवस आठवला. एका केमिकल कारखान्यात स्टीमच्या लाइनची थिकनेस घ्यायला गेलो होतो. वरून लॅगिंग, म्हणजे उष्णता राखणारं आवरण, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, चकाचक. तिथला सुपरवायझर म्हणाला, साहेब ही लाइन ओके आहे, दरवर्षी रंग देतो. मी म्हटलं एक खिडकी तरी कापा. पत्रा कापला, आतलं ओलं लॅगिंग हाताने ओढलं तर काळं पाणी गळलं आणि पाइपवर पापुद्रे आलेले, जुन्या बाकरवडीसारखे सुटे होत होते. ब्रशने साफ करून जेल लावलं, प्रोब टेकवला, सात मिलिमीटरच्या जागी आकडा आला दोन पॉइंट एक. मी परत टेकवला, वाटलं मशीन गंडलंय. मशीन बरोबर होतं. सुपरवायझर काही बोलला नाही, नुसता दोन पावलं मागे सरकला. पाणी अडकून बसतं तिथे लोखंड जातं आणि बाहेरून कळत नाही, सगळं शास्त्र एवढंच आहे.

एसएस-२५ मध्ये तो पत्रा कापून बघायचं काम कधी झालंच नव्हतं. पाइपची जाडी आतून मोजणारी यंत्रं असतात, विहिरीत दोरावर सोडतात, पण या विहिरीत ती जाडी कधी मोजलेली नव्हती. त्या क्षेत्रात आधी साठहून जास्त गळत्या झालेल्या आणि त्यांच्या मुळाशी जाऊन तपास केलेला नव्हता, हेही त्याच अहवालात आहे. आणि हा साठा चालवणाऱ्या सोकॅलगॅस कंपनीनेच २०१४ मध्ये राज्याच्या नियामकाकडे अर्ज केला होता की विहिरी जुन्या झाल्यात, तपासणीसाठी ग्राहकांकडून जादा पैसे घेऊ द्या. म्हणजे माहीत नव्हतं असं नाही. मला राग येतो तो याचा. गळती झाल्यावर कळवायलाही तीन दिवस उशीर केला आणि त्याबद्दल कोर्टात दंड भरला. २०२१ मध्ये पस्तीस हजारांवर रहिवाशांशी १८० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली, तपासणीला किती लागले असते ते त्यापुढे काढा.

आता बहिणीचा खरा प्रश्न, राहणाऱ्यांना काय होतं.

स्फोटाची भीती सगळ्यात आधी मनात येते. मिथेन हवेपेक्षा हलका, वर उडून जातो, आणि हवेत साधारण ५ ते १५ टक्के असेल तेव्हाच पेटतो. उघड्या डोंगरावर गळती झाली तर मैलभर दूर घरापर्यंत येईतो तो इतका पातळ होतो की पेटायचा नाही. विहिरीपाशी काम करणाऱ्यांना मात्र धोका होताच आणि वरून विमानं न्यायलाही बंदी घातली होती. (आपल्या घरच्या लाल सिलेंडरचं उलटं आहे हं, तो एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत बसतो, म्हणून वास आला की खालच्या बाजूला लक्ष द्यायचं. पाइपने येणारा गॅस छताकडे जातो. मुंबई-पुण्यात आता एकाच बिल्डिंगमध्ये दोन्ही असतात त्यामुळे हे लक्षात ठेवलेलं बरं.)

मग पोर्टर रँचच्या लोकांना त्रास कशाचा झाला? मुख्य म्हणजे वासाचा. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो, सडक्या अंड्यासारखा जो येतो तो मुद्दाम घातलेल्या गंधकाच्या रसायनांचा. ही सक्ती आली टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेमुळे, १८ मार्च १९३७ ला तिथे वास नसलेला गॅस तळघरात साचून स्फोट झाला आणि तीनशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक मुलं. म्हणजे वास ही चांगली गोष्ट आहे, पण तोच वास महिनोन्‌महिने घरात येत राहिला तर डोकं दुखणं, मळमळ, नाकातून रक्त येणं, आणि अशा तक्रारी तिथे ढिगाने आल्या. शिवाय मिथेनबरोबर थोडं बेन्झीनही आलं, घरांवर तेलकट डाग पडले, आणि काउंटीच्या आरोग्य खात्याला घरातल्या धुळीत बेरियमसारखे धातू सापडले जे विहिरीत ओतलेल्या त्या चिखलात असतात. अधिकारी म्हणत होते त्रास तात्पुरता आहे, वास गेला की जाईल. लोकांना ते पटलं नाही आणि मलाही त्यांचं चुकीचं वाटत नाही. सरकार आणि कंपनी यांच्यातल्या २०१८ च्या समझोत्यातून अडीच कोटी डॉलर दीर्घकालीन आरोग्य अभ्यासाला बाजूला काढले, म्हणजे प्रश्न उघडा आहे हे सरकारलाही मान्यच होतं की.

गॅस पेटायला त्याला कुठेतरी कोंडून साचावं लागतं आणि ते कसं होतं याचं उदाहरण दुसरीकडचं आहे, कॅन्सस राज्यातलं हचिन्सन गाव. तिथे मिठाच्या थरात पोकळ्या करून गॅस ठेवायचे. मीठ तसं उत्तम, स्वतःच्या फटी स्वतःच बुजवतं. पण एका विहिरीच्या पाइपला मिठाच्या वरच्या भागात भोक पडलं, गॅस बाजूच्या दगडाच्या थरात शिरला आणि जमिनीखालून अकरा किलोमीटर चालत गावाखाली आला. गावात शंभर वर्षांपूर्वी मीठ काढायला पाडलेल्या विहिरी, कोणाच्या लक्षात नसलेल्या, वर घरं-दुकानं झालेली. १७ जानेवारी २००१ ला गावाच्या मध्यभागी दुकानांमध्ये स्फोट झाला, जमिनीतून पाणी आणि गॅसचे कारंजे उडायला लागले, दुसऱ्या दिवशी एका मोबाइल होमखाली स्फोट होऊन दोन माणसं गेली. म्हणजे साठा गावाबाहेर होता, नकाशावर अंतर भरपूर होतं, आणि गॅस आला कुठून तर विसरलेल्या भोकांतून. म्हणून मी तिला म्हटलं, नुसतं किती किलोमीटर लांब आहे ते विचारू नकोस, मधे जुन्या विहिरी किती आहेत आणि त्या कशा बुजवल्यात ते विचार.

यानंतर नियम बदलले हे मान्य करायला हवं. २०१६ पर्यंत अमेरिकेत जमिनीखालच्या साठवणीच्या विहिरींसाठी केंद्राचे सुरक्षानियमच नव्हते, त्या वर्षाच्या शेवटी आले. कॅलिफोर्नियाने त्याहून कडक केले, आता गॅस फक्त आतल्या नळीतून, बाहेरचा पाइप राखीव, जाडी मोजायची, दाबाची परीक्षा घ्यायची, गळती रोज बघायची. ॲलिसोत ज्या विहिरी परीक्षेत उतरल्या नाहीत त्या बंद केल्या. कुंपणाला मिथेन मोजणारी यंत्रं लावली, त्यांचे आकडे कोणीही ऑनलाइन बघू शकतो. साठवण बंद करायची का यावर अजून भांडण चालू आहे, २०१७ मध्ये दहा वर्षांत बंद करायची तयारी करा असं राज्याच्या ऊर्जा आयोगाच्या प्रमुखांनी सुचवलं होतं, आणि २०२३ मध्ये थंडीत बिलं भडकली तशी साठवायची मर्यादा उलट वाढवून दिली. बाकी राज्यांत चित्र निराळं, २०१७ च्या एका अभ्यासात चौदा हजारांवर चालू विहिरींमधल्या २,७१५ अशा निघाल्या ज्या मुळात साठवणीसाठी बांधलेल्याच नव्हत्या, एसएस-२५ सारख्याच. दर पाचात एक.

आपल्याकडे काय असं कोणी विचारेल. भारतात नैसर्गिक वायूची अशी भूमिगत साठवण अजून नाही. कच्चं तेल विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरला कठीण खडकात कोरलेल्या गुहांमध्ये ठेवतात आणि विशाखापट्टणमला एलपीजीचीही गुहा आहे, तिथली युक्ती वेगळी, आजूबाजूच्या खडकात पाण्याचा दाब जास्त ठेवायचा म्हणजे गळायचंच झालं तर पाणी आत येईल, गॅस बाहेर जाणार नाही. उद्या करायचं ठरलंच तर रिकामी तेलक्षेत्रं गुजरात, आसामकडे आहेत. महाराष्ट्रात जमिनीवर आपला काळा कातळ, त्याला माठासारखं पाझरता येत नाही.

तर तिला मी शेवटी दोन-चार गोष्टी सांगितल्या. घराच्या जवळची विहीर कुठली आणि ती चालू आहे का बंद, राज्याच्या नकाशावर दिसतं ते बघ. कुंपणाच्या यंत्रांचे आकडे महिनाभर रोज बघत जा, एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. वास आला तर नाकावर फार वेळ विश्वास ठेवू नकोस, थोड्या वेळाने नाक सवयीचं होतं आणि वास गेला असं वाटतं. घरात आला तर बटणं चालू-बंद करायची नाहीत, बाहेर जाऊन लांबून फोन करायचा. बाहेरून डोंगराकडून येत असेल तर उलट घरात राहून खिडक्या लावायच्या नाहीतर वाऱ्याला आडवं निघायचं. तिचा नवरा म्हणतो एवढं झाल्यावर आता तीच विहिरींची सगळ्यात तपासलेली जागा असेल, आणि खरं सांगायचं तर त्याचंही पूर्ण चूक नाही.

ऑफर अजून दिलेली नाही. शनिवारी परत बघायला जाणारेत, मी म्हटलं दुपारी समुद्राकडून वारा असतो तेव्हा जाऊ नका, एजंट तेव्हाच नेतो. ऑक्टोबरात उत्तरेचा कोरडा वारा सुटतो ना, डोंगरावरून खाली, त्या दिवशी जा आणि मागच्या अंगणात तासभर नुसतं बसा.